मुस्तफा नक्की कोणाचा? आर्केड एम्युलेशनमधले नावाचे आणि कोडचे वाद

वाळूजकर

मंडळी, जालन्याचे आपले 'दुधना' प्लायवूडची आर्केड कॅबिनेट बनवतात. आत छोटा संगणक, समोर दोन जॉयस्टिक, वर उजेडाची पाटी. माळेगावच्या यात्रेत लावायला एका खेळवाल्याने त्यांच्याकडे मशीन मागितल्या आहेत. त्यांनी मला निरोपात विचारलं, "पाटीवर मेमचा लोगो टाकू का? सॉफ्टवेअर तर फुकटच आहे." मेम म्हणजे जुन्या आर्केड यंत्रांसारखं वागून त्यांचे खेळ साध्या संगणकावर चालवणारा प्रोग्राम, म्हणजेच एम्युलेटर. उत्तर बऱ्याच जणांच्या कामाचं आहे, म्हणून सगळ्यांसमोर लिहितो.

दादा, लोगो टाकू नका. मेमचा कोड मोकळा आहे, मेम हे नाव मोकळं नाही, आणि त्यात चालणारे बहुतेक खेळ तर मुळीच नाहीत. तिन्हींचे मालक वेगळे आणि तिन्हींची परवानगी वेगळी घ्यावी लागते. गेली पंचवीस-तीस वर्षं या क्षेत्रात जेवढी भांडणं झाली, त्यातली बरीचशी ही तीन एकच समजल्यामुळे झाली.

निकोला सालमोरिया या इटालियन तरुणाने डिसेंबर १९९६ मध्ये पॅक-मॅनच्या हार्डवेअरचं एम्युलेशन लिहायला घेतलं आणि ५ फेब्रुवारी १९९७ ला मेमची पहिली आवृत्ती बाहेर आली. परवाना त्या मंडळींनी आपला आपणच लिहिला होता: कोड वाचा, बदला, वाटा; पण विकू नका आणि धंद्यात वापरू नका. कोडची अशी काळजी घेतली, नाव मात्र उघड्यावर राहिलं. २००५ च्या सुमारास अल्ट्राकेड नावाच्या अमेरिकन कंपनीने 'मेम' हे नाव आणि लोगो स्वतःच्या नावे नोंदवायला तिथल्या ट्रेडमार्क कार्यालयात अर्ज टाकला. ही कंपनी जुन्या खेळांचे रीतसर परवाने घेऊन एकाच मशीनमध्ये अनेक खेळ विकायची. ऑनलाइन लिलावात बेकायदा रॉम (खेळांच्या प्रोग्रामच्या प्रती) भरलेली कॅबिनेट मेमच्या नावावर खपवणाऱ्यांना आवर घालायचा आहे, असं तिचं म्हणणं. तो उपद्रव खरा होता. पण कोड लिहिणार शेकडो स्वयंसेवक आणि नाव जाणार तिसऱ्याच्या खिशात, हे कोणाला पटणार? जगभर ओरड झाली आणि तो दावा टिकला नाही. आज हे नाव ग्रेगरी एम्बर यांच्या नावे नोंदलेलं आहे आणि मेमच्या स्वतःच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलंय की नाव, लोगो किंवा शब्दचिन्ह वापरायचं तर परवानगी लागेल.

पूर्णाकाठ

भाऊ, कामून एवढा विचार करायलेत? तीस वर्षांपूर्वीचे खेळ. त्या कंपन्या ते कधीच विसरल्या. माळेगावच्या यात्रेत जपानहून कोण तपासायला येणार आहे?

वजिराबाद

मी नांदेडला व्हिडिओ गेम पार्लर चालवलेला माणूस, म्हणून थोडं लिहितो.

आमच्याकडे मुंबईहून खेळांचे सर्किट बोर्ड यायचे. त्यावर कंपनीचं नाव असायचं, कधी खरवडलेलं असायचं. चिप्सवरचे नंबर घासलेले. अस्सल की नकली, हे आम्ही विचारत नव्हतो आणि आणणारा सांगत नव्हता. पोरांना तर खेळाचं नावही माहीत नसायचं. 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' असं पडद्यावर मोठ्या अक्षरात यायचं, पण नांदेड काय, लातूर काय, परभणी काय, सगळीकडे तो 'मुस्तफा'च. पिवळी टोपीवाला गडी, धावत येऊन लाथ घालणारा. रुपया टाकला की मुस्तफा कोण घेणार यावरून आधी भांडण.

पूर्णाकाठ, यात्रेत कोणी येणार नाही हे खरं. पण एक सांगतो. ज्यांनी तो खेळ बनवला त्यांना आमच्या गल्ल्यातला एक पैसा मिळाला नाही, आणि ते मला या वयात खटकतं. त्या वेळी रीतसर घ्यायचा मार्गच आम्हाला दिसत नव्हता. आता दुधना विचारतोय तर त्याला नीट वाट दाखवा. एक माझीही विचारणा आहे: आज मला तो मुस्तफा पैसे देऊन, अधिकृत विकत घ्यायचा असेल तर कुठे मिळेल?

वाळूजकर

काका, मिळत नाही. आणि तो का मिळत नाही, यातच या विषयाचं मर्म आहे.

खेळ कॅपकॉम या जपानी कंपनीचा, १९९३ चा. पण कथा आणि पात्रं कॅपकॉमची नाहीत. मार्क शुल्झ यांच्या 'झेनोझोइक टेल्स' या चित्रकथांवर तो बेतलेला. मुस्तफा कैरो हे पात्रसुद्धा तिकडचंच. म्हणजे पात्रांचा हक्क एकीकडे. शीर्षकातलं 'कॅडिलॅक' हा जनरल मोटर्सचा ट्रेडमार्क, म्हणजे नावाचा हक्क दुसरीकडे. आवाजासाठी वापरलेलं क्यूसाउंड तंत्र तिसऱ्या कंपनीचं. कोड आणि चित्रं तेवढी कॅपकॉमची. खेळ पुन्हा विकायचा तर या सगळ्यांना पुन्हा एका टेबलावर बसवावं लागतं. २०१८ मध्ये कॅपकॉमने मारामारीच्या सात जुन्या खेळांचा संच काढला. त्यात 'फायनल फाइट' होता, 'कॅप्टन कमांडो' होता, 'नाइट्स ऑफ द राउंड' होता. मुस्तफा नव्हता.

हे अशक्य आहे असं मात्र नाही. त्याच वर्षीचा, त्याच जातीच्या बोर्डवरचा 'द पनिशर' अशाच परक्या पात्रांमुळे अडकून पडला होता. त्या पात्रांची मालक असलेल्या मार्व्हलशी जमलं आणि २०२४ च्या संग्रहात तो अधिकृतपणे आला.

आता एम्युलेटर लिहिणाऱ्यांचं बघा. मुस्तफाच्या बोर्डवर आवाजाचं काम करणारा झेड-८० प्रोसेसर 'काबुकी' नावाच्या कूटबद्ध रूपात बसवलेला आहे. त्याचा प्रोग्राम सरळ वाचता येत नाही, म्हणून कोणीतरी ते कूट सोडवलं. क्यूसाउंडच्या चिपचं वागणं कोणीतरी ऐकून, मोजून लिहून काढलं. ही माणसं कॅपकॉमची नोकर नव्हती. त्यांनी लिहिलेला कोड त्यांचा स्वतःचा आहे, आणि त्यावरचा त्यांचा हक्क कॅपकॉमच्या हक्काइतकाच खरा आहे. मला इथे एवढंच ठासून सांगायचंय.

पूर्णाकाठ

इथंच माझी हरकत आहे. दुसऱ्याचे खेळ फुकट खेळायची सोय ज्यांनी करून दिली, त्यांनीच आपल्या कोडला हात लावला की ओरडायचं? हा कुठला न्याय?

खंडपीठ

हरकत नेहमीची आहे, म्हणून सविस्तर उत्तर देते. मी संभाजीनगरला वकिली करते, बौद्धिक संपदेची प्रकरणं बघते.

एम्युलेटर आणि रॉम वेगळे ठेवा. रॉम म्हणजे मूळ बोर्डच्या चिपमधला प्रोग्राम जसाच्या तसा. त्यावर कॉपीराइट आहे की नाही, हा प्रश्न आर्केडवाल्यांनीच न्यायालयात नेला होता. विल्यम्स कंपनीच्या 'डिफेंडर'ची नक्कल विकणाऱ्या आर्टिकने युक्तिवाद केला की चिपमधला प्रोग्राम हा यंत्राचा भाग, त्याला कॉपीराइट कसला? १९८२ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने तो फेटाळला. म्हणजे रॉमची नक्कल ही नक्कलच.

एम्युलेटर ही नक्कल नाही. यंत्र कसं वागतं ते समजून घेऊन तसं वागणारा नवा प्रोग्राम लिहिणं, हे स्वतंत्र लेखन आहे. सोनी विरुद्ध कनेक्टिक्स खटल्यात २००० मध्ये प्लेस्टेशनचा एम्युलेटर बनवण्यासाठी त्याचं बायोस (यंत्रातला मूळ प्रोग्राम) उलगडून केलेला अभ्यास न्यायालयाने रास्त वापरात धरला. त्याआधी १९९२ चा सेगा विरुद्ध अकोलेड हा तर ट्रेडमार्कच्या दृष्टीने फार वाचनीय निकाल. सेगाच्या नव्या यंत्रात अशी कुलूपव्यवस्था होती की कार्ट्रिजमध्ये 'सेगा' ही चार अक्षरं सापडली तरच खेळ चालायचा, आणि ती सापडली की पडद्यावर 'सेगाच्या परवान्याने निर्मित' अशी ओळ यायची. अकोलेड या खेळ बनवणाऱ्या कंपनीने यंत्र उलगडून आपल्या खेळांत ती अक्षरं घातली. सेगा म्हणाली, आमचा ट्रेडमार्क खोटा दाखवला. न्यायालय म्हणालं, कुलूप तुम्ही बसवलंत, त्या अक्षरांशिवाय आत जायचा रस्ता तुम्ही ठेवला नाहीत, तेव्हा ग्राहकाच्या गोंधळाची जबाबदारी तुमची. ट्रेडमार्क हे खरेदीदाराची फसवणूक टाळण्याचं साधन आहे. दुसऱ्याला यंत्राबाहेर ठेवण्यासाठी ते वापरता येणार नाही.

आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम हे साहित्यकृतीत मोडतात. कलम ५२ मध्ये दोन प्रोग्राम एकमेकांशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती मिळवणं, प्रोग्रामचं काम बघून त्यामागची तत्त्वं शोधणं आणि कायदेशीर प्रतीवरून खाजगी, बिनधंद्याच्या वापरासाठी प्रत काढणं याला मुभा आहे. तिथेही अट आहेच: मूळ प्रत तुमच्याकडे कायदेशीर असली पाहिजे. यात्रेत पैसे घेऊन खेळवणं यात बसत नाही. आणि मुदतीचं म्हणाल तर लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. १९९३ चा खेळ आपल्या हयातीत मोकळा होत नाही.

नावाबद्दल: ट्रेडमार्क देशागणिक असतो, दर १० वर्षांनी नूतनीकरण करता येतं. आपल्या १९९९ च्या कायद्यात अर्ज जर्नलमध्ये छापला गेल्यापासून ४ महिन्यांत कोणीही विरोध नोंदवू शकतो. आणि आधीपासून सचोटीने नाव वापरणाऱ्याला नंतर नोंदणी करणारा हटवू शकत नाही. अल्ट्राकेडसारखा अर्ज इथे कोणी केला तर मोकळ्या प्रकल्पांना हीच दोन शस्त्रं उपयोगी पडतील.

तेरणा

ताई, छान समजलं. मी धाराशिवची, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. २०१९ मध्ये फायनल बर्न अल्फा या दुसऱ्या आर्केड एम्युलेटरचं काय झालं होतं? त्या कोडमध्ये बघितलं तर परवान्याच्या फाइलमध्ये बऱ्याच जणांची नावं दिसतात.

गंजगोलाई

हे मी सांगतो. तेव्हा मी त्या चर्चा रोज वाचत होतो आणि मला आजही त्याचं वाईट वाटतं.

एप्रिल २०१९ मध्ये कॅपकॉम होम आर्केड जाहीर झालं. कॅपकॉमच्या लोगोच्या आकाराची मोठी पाटी, त्यावर दोन जॉयस्टिक, आत १६ खेळ, किंमत २२९.९९ युरो. बाजारात आणणारी कंपनी कॉख मीडिया. लोकांनी विचारलं, आत एम्युलेटर कोणाचा? उत्तर आलं, फायनल बर्न अल्फाचा, आणि तो रीतसर परवाना घेऊन वापरलाय. परवाना दिला होता प्रकल्पाच्या मुख्य देखभाल करणाऱ्याने. एकट्याने.

बाकीच्या विकासकांना हे कळलं बातम्यांतून. त्या कोडच्या परवान्यातच लिहिलेलं की धंद्यासाठी वापरायचा नाही. कित्येक वर्षं कित्येक हातांनी तो लिहिलेला, आणि त्यातले काही भाग मेमच्या जुन्या, विक्रीला मनाई असलेल्या काळातून आलेले. सामाईक सातबाऱ्यावर पाच भावांची नावं असताना थोरल्याने एकट्याने सगळ्या रानाचं खरेदीखत करून द्यावं, तसं झालं. थोरल्याने सगळ्यात जास्त राबलेलं असेलही. पण त्याला त्याच्या हिश्श्यापलीकडचं विकता येत नाही. कॉख मीडियाने पैसे मोजले, कागद केला, तरी कागद ज्याच्याशी करायला हवा होता त्या सगळ्यांशी केला नाही.

मग बाकीचे बाहेर पडले आणि त्यांनी फायनल बर्न निओ सुरू केला. आज काम चालतं ते तिथेच. एक चांगली चाललेली मंडळी त्या एका सहीने फुटली. कॅपकॉमचे खेळ कॅपकॉमनेच विकले, त्यात गैर काही नव्हतं. अन्याय झाला तो खेळ जिवंत ठेवणाऱ्यांवर. त्यांना फक्त विचारायला हवं होतं.

वाळूजकर

गंजगोलाई, अगदी. आणि विचारणं किती अवघड असतं हे मेमने दाखवून दिलं. २०१५ मध्ये त्यांनी ठरवलं की जुना 'विकू नका' परवाना सोडून जगमान्य मुक्त परवान्यावर जायचं. पण कोड १८ वर्षांत शेकडो लोकांनी लिहिलेला. एकेका फाइलच्या लेखकाला शोधायचं, त्याची संमती घ्यायची. मेल पत्ते बंद पडलेले, काही जण टोपणनावानेच लिहिणारे. जिथे संमती मिळाली नाही तिथला भाग नव्याने लिहायचा. मार्च २०१६ मध्ये ०.१७२ ही आवृत्ती आली तेव्हा पूर्ण मेम जीपीएल-२ (विकायला मुभा, पण सोर्स कोड देण्याची अट असलेला मुक्त परवाना) खाली गेला होता आणि ९० टक्क्यांहून जास्त फाइली त्याहूनही सैल अशा तीन कलमी बीएसडी परवान्यावर होत्या. एकाही माणसाला वगळून सही झाली नाही. मी स्वतः पीएलसीचे, म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या संगणकांचे, प्रोग्राम लिहून पोट भरतो, आणि मला त्या लोकांबद्दल अतोनात आदर आहे.

पूर्णाकाठ

हे पटलं. रॉमचा आणि एम्युलेटरचा फरक मी आजवर असा धरला नव्हता. मग माझा पुढचा प्रश्न: अशी भांडणं फक्त हौशी लोकांतच का होतात? कंपन्यांना तरी आपला कोड कोणाचा हे ठाऊक असेल ना?

गंजगोलाई

नाही हो. सगळ्यात मोठं उदाहरण 'डाँकी काँग'. निन्टेंडोचा १९८१ चा खेळ. त्यावर नावाचा खटला झाला आणि कोडचाही.

युनिव्हर्सल स्टुडिओ म्हणाला, हे नाव आमच्या किंग काँगवरून उचललंय. निन्टेंडोचे वकील जॉन कर्बी यांनी न्यायालयाला दाखवून दिलं की याच युनिव्हर्सलने १९७५ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात किंग काँगची कथा कोणाच्याही मालकीची नाही असं मांडून विजय मिळवला होता. युनिव्हर्सल हरला, अपिलातही १९८४ मध्ये हरला. याच युनिव्हर्सलने तोवर इतर कंपन्यांकडून परवाना शुल्क उकळायला सुरुवातही केली होती.

कोडची गोष्ट त्याहून कमी लोकांना माहीत आहे. 'डाँकी काँग'चा प्रोग्राम निन्टेंडोने इकेगामी त्सुशिन्की या कंपनीकडून लिहून घेतला होता. पुढच्या वर्षी 'डाँकी काँग ज्युनियर' आला तेव्हा इकेगामी म्हणाली, आमचाच कोड उलगडून हा बनवलाय. १९८३ मध्ये दावा, १९९० मध्ये तडजोड, तिच्या अटी गुप्त. मूळ आर्केडचा 'डाँकी काँग' त्यानंतर जवळजवळ कुठेच आला नाही. निन्टेंडो घरगुती यंत्रासाठी नव्याने लिहिलेलाच विकत राहिली. २०१८ मध्ये आर्केड आर्काइव्ह्ज मालिकेत तो आला तेव्हा जुन्या खेळाडूंना केवढा आनंद झाला असेल! इतकी वर्षं तो हुबेहूब खेळायचा तर एम्युलेटर हाच मार्ग होता.

दुधना

सगळं वाचलं. मी गिऱ्हाइकाला फोन करून सांगितलं की हजार खेळांची मशीन मिळणार नाही. तो नाराज झाला, पण तोडलं नाही. आता नेमकं काय बसवू ते सांगा. माझ्याकडे रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आहे, त्यात मेम २००३ आणि फायनल बर्न निओ आधीपासून घातलेलं आहे.

वाळूजकर

दादा, ती दोन्ही काढा. मेम २००३ हा ०.७८ या जुन्या आवृत्तीवरचा आहे, म्हणजे २०१६ च्या आधीचा, त्याला जुनाच परवाना लागू. नव्या मेमने परवाना बदलला म्हणून जुना आपोआप बदलत नाही. निओही बिनधंद्याचाच. विकायच्या मशीनमध्ये दोन्ही चालत नाहीत. बाजारात 'एकात हजार' म्हणून जे चिनी बोर्ड मिळतात, तेही घेऊ नका.

आजचा मेम टाका. तो जीपीएल असल्याने मशीनसोबत त्याचा सोर्स कोड द्या, किंवा मागेल त्याला देऊ असं निदान ३ वर्षांचं लेखी वचन द्या. तुम्ही काही बदल केला असेल तर तोही त्यात आला पाहिजे. पाटीवर तुमच्या वर्कशॉपचं नाव घाला. आतल्या माहितीपत्रकात 'यात मेम हा एम्युलेटर वापरला आहे, आमचा त्या प्रकल्पाशी संबंध नाही' एवढं साध्या अक्षरात लिहा, लोगोशिवाय.

खेळांचं: मेमच्या संकेतस्थळावर मालकांनी मोकळे करून दिलेले काही रॉम आहेत. 'रॉबी रोटो'चे हक्क तो खेळ लिहिणाऱ्या जेमी फेंटन यांच्याकडे परत आले आणि त्यांनी तो वाटायला दिला. 'ग्रिडली' आहे, एक्झिडी कंपनीचे बरेच आहेत. पण ही परवानगी बिनधंद्याच्या वापरापुरती. घरी, शाळेत ठेवा. यात्रेत रुपये घेऊन खेळवायचं तर हक्कदाराचं पत्र वेगळं लागेल, किंवा नवे, मुक्त परवान्याचे खेळ शोधावे लागतील.

वजिराबाद

दुधना, माझ्याकडे एक जुना बोर्ड आहे, अस्सल, खोक्यासकट. यात्रेत पैसे घेऊन खेळवायला तोही कितपत चालेल ते ताईंना विचारून घे. कॅबिनेट जमवताना तारा जुळवायला मी येईन.

तेरणा

माझा शेवटचा प्रश्न, धाग्याच्या थोडा बाहेरचा. आम्ही वर्गातले काही जण मिळून मराठी मेनू असलेला एक छोटा एम्युलेटर-फ्रंटएंड (खेळ निवडून एम्युलेटर सुरू करणारा प्रोग्राम) लिहितोय. एक मुलगा मधेच नोकरीला पुण्याला गेला, त्याने इनपुटचा सगळा भाग लिहिलाय. परवाना अजून ठरलेला नाही. नाव पण ठेवायचंय. गंजगोलाईदादांनी सांगितलं ते आमच्यात घडू नये म्हणून आता काय करावं?

खंडपीठ

आत्ताच करा, लोक बोलतात तोवर सोपं असतं.

पगारावर लिहिलेला कोड करार नसेल तर सहसा मालकाचा, पण तुमच्यात कोणी कोणाचा नोकर नाही. म्हणून ज्याने जो भाग लिहिला तो त्याचा. पुण्याच्या मुलाचा इनपुटचा भाग आजही त्याचाच आहे. त्याला फोन करा. हक्क एकाच्या नावे करायची गरज नाही, सगळ्यांनी एकाच मुक्त परवान्याला संमती दिली तरी पुरे. प्रत्येक फाइलच्या डोक्यावर लिहिणाऱ्याचं नाव, वर्ष आणि परवाना लिहा.

हक्क कोणाच्या नावे करायचेच असतील तर कॉपीराइट कायद्याचं कलम १९ नीट वाचा. लेखी आणि सहीचं हस्तांतरण नसेल तर ते हस्तांतरणच नाही. कागदात मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरला जातो. आणि मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, कागदात वेगळं लिहिलेलं नसल्यास, तो संपतो. मुलं 'सगळे हक्क दिले' असं एका ओळीत लिहून मोकळी होतात आणि मग हे तीन मुद्दे नडतात.

नाव ठेवताना त्यात मेम, निओ किंवा कुठल्याही खेळाचा शब्द नको. जे ठेवाल ते कोणाच्या ताब्यात राहील आणि तो सोडून गेला तर पुढे कोणाकडे जाईल, हेही त्याच कागदात लिहा. मला मसुदा पाठवा, मी बघून देते, फी नको. मराठीत लिहिला तरी चालेल. सह्या मात्र सगळ्यांच्या हव्यात, पुण्याच्या मुलाचीही.